आडवी रेघ

कागद मीच आखला होता. डाव्या बाजूला वेळा, वर रकाने: दूध, शू, शी, झोप, ताप. सकाळी साडेआठला मुलीला खालच्या मजल्यावर काकूंकडे सोडताना तिच्या पिशवीत हा कागद आणि दोऱ्याला बांधलेलं पेन असायचं. संध्याकाळी सहाला परतले की मी आधी कागद हातात घ्यायचे, मग मुलगी. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं. मुलगी नऊ महिन्यांची, वजनाला कमी, आणि मी दिवसभर तिच्यापासून दोन बस लांब. ती हसत असली तरी हसू दोन मिनिटांचं असतं. दिवस कसा गेला ते कागदच सांगणार.

काकू कागदावर आडव्या रेघा मारायच्या.

“ही रेघ कसली, काकू? शी झाली नाही, की तुम्ही बघितलं नाही?”

“रेघ म्हणजे काही नाही गं.”

“काही नाही म्हणजे झाली नाही?”

“काही नाही म्हणजे काही नाही! आता रेघेलाही तोंड फुटायला हवं का?”

“तसं नाही. झाली नसेल तर शून्य लिहा. बघायचं राहून गेलं असेल तर रेघ. म्हणजे मला कळेल.”

काकूंनी मुलीकडे बघून डोळे मोठे केले. “ऐकलंस का गं भोपळ्या? तुझं राहिलं की शून्य आणि माझं राहिलं की रेघ. तुझी आई मला या वयात शाळेत घालणार.”

मुलीला त्या भोपळा म्हणायच्या, डोकं गोल म्हणून. ती अंगाने वाढत नव्हती, पण डोकं मात्र साजरं गोल होतं. मला ते नाव आधी खुपायचं. मग एकदा मुलगी त्या हाकेला वळून बघायला लागली आणि माझं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कागदावर शून्यं आली. मोठी, थरथरती, शाळेतल्या पहिल्या पाटीसारखी.

काकूंना मुलं सांभाळायची हौस होती म्हणून त्या माझी मुलगी घेत नव्हत्या. काका गेले तेव्हापासून घरात दुसरं काही येत नव्हतं. काका गावाबाहेरच्या रसायनांच्या कारखान्यात टाक्या आतून खरवडायचे. कारखान्याचे कायम नोकर नव्हते. एक कंत्राटदार माणसं पुरवायचा, त्याचे. टाकीच्या शिडीवरून पडले. दवाखान्यात दोन दिवस होते, तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. कारखान्याचं हिशोबाचं वर्ष संपायला तेव्हा अकरा दिवस होते. हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं. नंतर सुचलं, आणि मग डोक्यातून गेलंच नाही.

कंत्राटदाराचा फोन पंधराव्या दिवशी बंद झाला. कारखाना म्हणाला, आमचा माणूस नव्हे, आणि आमच्या आवारात मेलाही नाही. काकूंनी कामगार कचेरीत अर्ज टाकला. मागणं एकच होतं: ते कामामुळेच गेले असं कुणीतरी लिहून द्यावं. त्या कागदावर पेन्शन अवलंबून होती, पण काकू पेन्शनचं नाव कमी घ्यायच्या. “चोवीस वर्षं टाक्या खरवडल्या त्यांनी,” एवढंच म्हणायच्या. “शेवटी काय लिहिलं, पाय घसरून मेला? घरात मेला असता तरी हेच लिहिलं असतं.”

एका संध्याकाळी मी दारात उभी राहून कागद वाचत होते आणि काकू सांगत होत्या.

“आज कचेरीतल्या माणसाचा फोन आला होता. बरा आहे बिचारा, तोंडावर दार नाही आपटत. म्हणाला, कंपनीचा वर्षाचा अहवाल येऊ दे. त्यात मेलेल्यांचा रकाना असतो म्हणे. त्यात आकडा आला की प्रश्न मिटला. आणि नाही आला, रिकामं असलं, तर—”

“काकू, चार वाजता तापाच्या रकान्यात रेघ आहे.”

“अगं झोपली होती. उठवून लावू का काचेची नळी काखेत?”

“पण कपाळाला हात लावून बघितलं होतं का?”

त्यांनी बघितलं होतं. मी पुन्हा बघितलं, मग थर्मामीटरने बघितलं. ताप नव्हता. त्या काय सांगत होत्या ते विचारायचं राहून गेलं. मी बाकी सगळ्यावर नजर ठेवून असते. दुधाची बाटली किती वेळ उघडी होती, गादीचा कोपरा ओला आहे का, खिडकीची कडी. माझ्या कानापासून हातभर अंतरावर जे बोललं गेलं, त्यातलं अर्धं मात्र मी ऐकलंच नाही.

मी जिथे काम करते तिथे आकड्यांना चिठ्ठ्या लावतात. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आमच्याकडे येतात, दोनशे-तीनशे पानांचे. माणूस ते वाचू शकतो, यंत्र वाचू शकत नाही. यंत्राला ४१२ दिसतात, पण ४१२ काय? नोकर, खोल्या, की नफा? म्हणून आम्ही प्रत्येक आकड्याच्या पाठीवर चिठ्ठी लावतो: काय आहे, कुणाचा आहे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचा, कशात मोजलेला, सुटा की हजारांत. चिठ्ठी लागली की तो आकडा अहवालातून सुटून एकटा फिरू शकतो. बँक, सरकारी कचेरी, कुणीही दुसऱ्या टोकाला बसून त्याला हाक मारली की तो ओ देतो.

आमच्यावर एक वयस्कर साहेब आहेत. त्यांना सगळे हेडमास्तर म्हणतात, त्यांच्या तोंडावरही. नवीन माणूस आला की ते फळ्यावर नुसता ७ लिहितात आणि विचारतात, “हे कोण?” कुणी सात म्हणतं. “सात कोण? बेवारस पोर आहे ते. बापाचं नाव सांगा, घर सांगा, वय सांगा. मग रस्त्यावर सोडा.”

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा मला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं होतं, जशी काही मी काम विसरून आले होते. गळ्यात नवं ओळखपत्र मिळालं. त्यावर फोटोखाली मोठ्या अक्षरात क्रमांक: २७. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी लावणाऱ्याचा क्रमांक आपोआप बसतो. ओळखपत्राची दोरी लाल होती. संध्याकाळी मुलगी आधी ती दोरी ओढायची आणि कार्डाचा कोपरा तोंडात घालायची. काकू ओरडायच्या, “अगं आईचं नाक खा, पण ते प्लास्टिक नको!”

कारखान्याचा अहवाल माझ्या टेबलावर योगायोगाने आला. मुखपृष्ठावर टाक्या होत्या. चकचकीत, निळ्या आकाशापुढे. मी पहिल्यांदा पान एकशे एक्याण्णव उघडलं, कारण कामगारांचे तक्ते शेवटी असतात.

ओळ होती: कामावरील अपघाती मृत्यू. खाली दोन पोटओळी. कायम कामगार: यंदा ०, गेल्या वर्षी ०. कंत्राटी कामगार: गेल्या वर्षी १, यंदा आडवी रेघ.

मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले. आमच्या नियमपुस्तकात याचं सरळ उत्तर होतं. शून्य छापलेलं असेल तर शून्याची चिठ्ठी. रेघ असेल तर ‘माहिती दिलेली नाही’ अशी चिठ्ठी. बस. घरी काकूंना मी शिकवला तोच नियम. तो मी ऑफिसातूनच घरी नेला होता.

पण वरच्या ओळीत त्यांनी दोन शून्यं छापली होती. म्हणजे शून्य कुठे लिहायचं ते त्यांना माहीत होतं. आणि खाली गेल्या वर्षाचा एक होता. म्हणजे कंत्राटी माणूस मेला तर मोजायचा, हेही माहीत होतं. मग यंदा रेघ का? कुणाचा तरी हात थांबला असणार. शून्य लिहायला धजला नाही आणि एक लिहायची परवानगी नव्हती, असा कुणाचा तरी हात.

मला वाटलं, त्या हाताला थोडा धक्का दिला तर तो एक लिहील. काकूंचे शब्द कानात होते: आकडा आला की प्रश्न मिटला.

हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. “रेघ आहे ना? मग ‘माहिती दिलेली नाही’. यात विचारायचं काय आहे? लाव आणि सुटी हो.”

“सर, गेल्या वर्षी एक आहे. म्हणजे माहिती ठेवतात ते. ग्राहकाला शंका विचारू का?”

“विचार. विचारायला बंदी नाही. पण एक ध्यानात ठेव, आपण विचारलं की ते बोलतात. गप्प बसलेल्याला आपण बोलतं करतो. मग तो जे बोलेल ते लिहावं लागतं.”

मला वाटलं, हेडमास्तर नेहमीसारखे शिकवताहेत.

मी फार काळजीने प्रश्न लिहिला. तीन वेळा खोडून लिहिला. आमच्या चिठ्ठीची व्याख्या जशीच्या तशी घातली: ‘कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेमुळे आलेला मृत्यू, मृत्यू नंतर किंवा अन्यत्र आला तरी.’ अन्यत्र हा शब्द वाचताना मला काकांचा दवाखान्यातला लोखंडी पलंग दिसत होता. मग विचारलं: या व्याख्येनुसार सदर रकान्यातील रेघेचा अर्थ काय समजावा?

स्वतःवर खूश होते. दुपारी डबा खाताना मनात काकूंना सांगून झालं होतं. बघा काकू, एका शब्दाची गोष्ट होती.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं.

‘वरील व्याख्येनुसार: शून्य. मुदत जवळ असल्याने याबाबत पुन्हा विचारणा करू नये.’

मी पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. फोन हेडमास्तरांना आला, आणि तो ठेवून त्यांनी मला बोलावलं.

“काय लावून धरलंयस?”

“सर, हे खोटं आहे.”

“तुला कसं माहीत?”

मी सांगितलं. काकू, काका, टाकी, दोन दिवस, अकरा दिवस. माझी मुलगी त्यांच्याच घरी असते हेही. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. माझ्यासाठी उतरतोय असं मला वाटलं, आणि खरंच तसंच होतं.

“मग हे पान तू हातातच घ्यायला नको होतंस. ओळखीच्या माणसाचा मामला आहे हे आधी सांगायचं. रेघ असती तर मी डोळे मिटून ‘माहिती नाही’ लावू दिलं असतं. आता लेखी उत्तर आहे. आलेलं उत्तर मला फाडता येत नाही.”

“मी लावणार नाही, सर.”

“नको लावू. फाइल दुसऱ्याला देतो. पण का दिली ते लिहावं लागेल, आणि तू प्रोबेशनवर आहेस.” ते आवाज खाली आणून म्हणाले, “तू लावलास काय, त्याने लावला काय. भोपळा तो भोपळाच.”

हा शब्द आमच्याकडे सगळेच वापरतात. मला मात्र एक गोल डोकं दिसलं, काकूंच्या खांद्यावर टेकलेलं.

घराचं भाडं, मुलीचं टॉनिक, नवऱ्याची नोकरी एक महिना आहे एक महिना नाही अशी. हे सगळं त्या वेळी मनात आलं का? आलं असेल. खरं सांगायचं तर मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. जागेवर येऊन मी चिठ्ठी भरली. काय: कामावरील अपघाती मृत्यू, कंत्राटी कामगार. कुणाचा: त्या कारखान्याचा. कधीचा: वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. कशात मोजलेला: माणसं. किती: ०. तळाशी आपोआप उमटलं, २७.

कागदावरची रेघ काहीच म्हणत नव्हती. तिला मी नाव दिलं, घर दिलं, तारखा दिल्या आणि रस्त्यावर सोडलं.

पुढचे तीन आठवडे मी काकूंशी जास्त गोड वागले. फळं नेली. कागदावरच्या शून्यांबद्दल एकदाही बोलले नाही. काकू म्हणाल्या, “तब्येत बरी आहे ना तुझी? आज तापाचं विचारलं नाहीस.”

शुक्रवारी मी रजा घेतली होती म्हणून काकू कचेरीत गेल्या. दुपारी परत आल्या त्या सरळ आमच्या दारात. चपला काढल्या नाहीत. मी मुलीला उकडलेलं गाजर भरवत होते.

“आलं गं ते,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणाले?”

“म्हणाला, कंपनीचं शून्य आलंय. पडद्यावर दाखवलं मला. प्रकरण बंद.” त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. “मी म्हटलं, अरे बाबा, माणूस गेला माझा, शून्य कसं? तर म्हणाला, काकू, रिकामं असतं ना, तर मी स्वतः चौकशीला माणूस पाठवला असता. आमचा नियमच आहे तसा, रिकामं आलं की चौकशी. तुला म्हटलं होतं ना मी त्या दिवशी?”

त्या दिवशी. दारात. नाही आला, रिकामं असलं, तर—

“हो,” मी म्हटलं.

“पण भरलेलं आहे म्हणाला. कुणीतरी व्यवस्थित भरलंय, तारखांसकट. त्याला काही करता येत नाही.” त्यांनी मुठीतली घडी उघडली. “मी रडायला लागले तर त्याने एवढं लिहून दिलं, कुणी भरलं ते. वर तक्रार करता येते म्हणाला. तू शिकलेली आहेस, बघ. नाव नाही यावर, नुसता आकडा. हा सत्तावीस कोण, शोधता येईल का?”

मी चिठ्ठी हातात घेतली. निळ्या पेनाने लिहिलेलं २७. माझं कार्ड काकूंनी रोज बघितलं होतं, त्यावरचा आकडा कधी वाचला नव्हता. बाजूला आमच्या ऑफिसचं नाव नव्हतं, काहीच नव्हतं. नुसता सत्तावीस. बेवारस.

“नुसत्या आकड्यावरून कसं कळणार, काकू,” मी म्हटलं.

“भांडायचं नाही गं मला. नोकरी करत असेल बिचारा कुठेतरी. एवढंच विचारायचंय, शून्य लिहिताना कुणाला विचारलंस का म्हणून.” मुलीने गाजराचा हात त्यांच्याकडे केला. त्यांनी तो पदराने पुसला. “आणि मला मूर्खाला तू सांगितलंस म्हणून मी रोज शून्यंच काढत बसले. रेघ बरी होती. रेघ दिसली की निदान कुणी विचारायला तरी येतं.”

सोमवारपासून मी बसमधून उतरले की ओळखपत्र गळ्यातून काढून पिशवीत टाकायला लागले. पिशवीच्या आतल्या कप्प्यात. मुलगी रिकाम्या गळ्याला हात लावून दोरी शोधायची आणि चिडायची. काकू म्हणाल्या, “कार्ड कुठे गेलं गं?”

“ऑफिसातच ठेवते आता.”

खोटं बोलायची सवय नसली की माणूस एकच चूक करतो, पिशव्या तपासायच्या विसरतो. त्या आठवड्यात गुरुवारी मला निघायला उशीर झाला. घाईघाईत मी मुलीचे कपडे माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यातून तिच्या पिशवीत कोंबले आणि ती काकूंच्या हातात देऊन पळाले. ऑफिसच्या दारात गळ्याला हात लावला, मग पिशवीत हात घातला. आतला कप्पा रिकामा होता.

तो दिवस मी कसा काढला ते माहीत नाही. एकशे चाळीस चिठ्ठ्या लावल्या, एवढं नोंदीत आहे.

सहाला काकूंच्या दारात उभी राहिले. दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं. मुलगी गादीवर बसली होती, अंगावर स्वच्छ झबलं, केस विंचरलेले. काकू उठल्या. ओट्यावरच्या ताटाखालून त्यांनी ओळखपत्र काढलं. धुतलेलं, कोरडं केलेलं, लाल दोरी नीट गुंडाळलेली. माझा फोटो वर होता. खाली आकडा.

“तोंडात घालत होती,” काकू म्हणाल्या.

मी हात पुढे केला. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि बोटं लगेच मागे घेतली. त्यांनी शिवी दिली असती, चिठ्ठी फेकली असती, दार लावलं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. त्या मुलीला उचलायला वाकल्या. “चल,” तिला म्हणाल्या. भोपळ्या म्हणाल्या नाहीत.

मुलगी माझ्या खांद्यावर आली. तिचं कपाळ माझ्या मानेला लागलं आणि ते गरम वाटलं. माझीच मान तापली होती की काय, सांगता येत नव्हतं. मी कागद उघडला.

दूध, शू, शी, झोप, ताप. साडेआठपासून सहापर्यंत प्रत्येक चौकोनात एक आडवी रेघ. एकही वाकडी नाही. पट्टी धरून मारलेल्या.

मी वर बघितलं. काकू दाराची कडी धरून उभ्या होत्या. वाट बघत होत्या, मी विचारीन म्हणून.

उद्या साडेआठला मला मुलगी यांच्याकडेच सोडायची होती. दुसरं घर नव्हतं. मी कागदाची घडी केली, मुलीचं डोकं हाताने झाकलं, आणि जिना चढायला लागले.